हाताला काम, डोक्याला प्रश्न

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला "आज काय शिकवलं?" असे विचारावे आणि त्याने "चिंचोके निवडले" म्हणावे, की बहुतेक आयांचा चेहरा पडतो. शेजारच्या इंग्रजी शाळेतले त्याच वयाचे मूल एव्हाना चाररेघी वहीत अक्षरे गिरवू लागलेले असते. त्याला गृहपाठ असतो, पानाखाली लाल शाईतली सही असते. त्या वहीपुढे चिंचोके म्हणजे वेळ दवडणे वाटते. या पुस्तकाच्या विषयाची खरी अडचण इथेच आहे. लहान मुले हाताने काम करत शिकतात हे वाक्य आज सगळ्यांना पाठ आहे. सरकारी परिपत्रकात, शाळेच्या माहितीपत्रकात, प्रशिक्षणाच्या फळ्यावर ते असतेच. पण त्या कामात शिकणे नेमके कुठे असते हे बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून पालक, पर्यवेक्षिका आणि कधीकधी खुद्द ताईही वहीकडे वळतात.

तेव्हा आधी चिंचोकेच पाहू. चिंचोके, खडे आणि शिंपले यांचा एक ढीग मुलापुढे ठेवला आणि तीन वाट्या दिल्या. ढीग वेगळा करताना मूल एक निकष मनात धरून ठेवते आणि प्रत्येक वस्तू त्याला लावून पाहते. मग हाताला एक साल निघालेला, पांढरा चिंचोका लागतो. तो पांढऱ्या शिंपल्यांत टाकायचा की काळपट चिंचोक्यांत? इथे मूल थांबते. रंग पाहायचा की जात पाहायची, हे त्याचे त्यालाच ठरवायचे असते. पुढे मोजणी येते. मोजताना बोट आणि तोंड बरोबरीने चालावे लागते, एक वस्तू दोनदा मोजून चालत नाही, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा शेवटच्या वस्तूचा नसून सगळ्यांचा मिळून असतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. सात चिंचोके बिनचूक मोजलेल्या मुलाला "मग किती झाले?" असे विचारले, की ते पुन्हा एकपासून मोजू लागते. हा अनुभव प्रत्येक ताईला आहे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मधल्या त्यांच्या पुस्तकात मोजणीमागची ही तत्त्वे सविस्तर मांडली. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ती येतातच असे नाही. वस्तू हाताळताना ती हळूहळू उमगतात.

या उदाहरणात हाताइतकेच महत्त्व त्या थांबण्याला आहे. मुलाला काहीतरी ठरवावे लागले. माझ्या मते बालवर्गातल्या कोणत्याही कृतीची पारख याच एका गोष्टीवरून करावी: मुलाने तिच्यात स्वतः किती निर्णय घेतले? ताईने आखून दिलेल्या आंब्यात सगळ्या मुलांनी पिवळा रंग भरला, तर हात चालले, कागद भरले, भिंत सजली, पण ठरवले सगळे ताईने. उलट अंगणातली पडलेली पाने गोळा करून त्यांची रांग लावायला सांगितली आणि रांग कशी लावायची ते सांगितले नाही, तर कोणी लांबीने लावेल, कोणी रंगाने, कोणी कडा कातरलेली आणि गुळगुळीत अशी विभागणी करेल. दोन्ही कृतींना जवळपास तेवढाच वेळ लागतो आणि दुसरीला पैसे कमी लागतात. तरीही आपल्या बालवर्गांतून पहिलीच जास्त दिसते, कारण तिच्यातून भिंतीवर लावण्यासारखे काही निघते.

मुलांना वस्तूंतून शिकवावे हा विचार साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. मोराव्हियातले धर्मोपदेशक आणि शिक्षक कोमेनियस यांनी १६५८ मध्ये 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक काढले, त्यामागे शब्दाबरोबर वस्तूही इंद्रियांना भेटली पाहिजे अशी धारणा होती. १७६२ मध्ये रूसोच्या 'एमिल'ने मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, ही गोष्ट युरोपच्या गळी उतरवायला घेतली. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी यांनी ती वर्गात आणून पाहिली. त्यांच्या शाळेत काही काळ राहून आलेल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी आपली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. आपल्याकडची 'केजी' ती हीच.

फ्रोबेलने मुलांसाठी खेळण्यांची एक चढती मालिका रचली. तिला तो देणग्या म्हणे. पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तिसरीत आठ छोट्या घनांत सुटा होणारा एक मोठा घन. एकाचे आठ होतात, आठांचे पुन्हा एक होते, त्या आठांची खुर्ची होते आणि पूलही होतो. गणित, बांधकाम आणि कल्पना या तिन्ही गोष्टी एकाच डबीत होत्या. प्रशियाच्या सरकारला मात्र या बालोद्यानांत धर्मद्रोहाचा वास आला आणि १८५१ मध्ये तिथे त्यांच्यावर बंदी आली. ती १८६० मध्ये उठली, पण फ्रोबेल १८५२ मध्येच वारला होता. त्याच्यामागे त्याच्या अनुयायांनी पुष्कळ ठिकाणी या देणग्यांची कवायत केली. सगळ्यांनी एकदम डबी उघडायची, एकदम घन बाहेर काढायचे, बाईंच्या आज्ञेबरहुकूम मांडायचे. साहित्य तेच राहिले आणि निर्णय मुलाच्या हातून गेला. या क्षेत्राच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले आहे, म्हणून ते आधीच लक्षात ठेवलेले बरे.

मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी इटार आणि सेगें या फ्रेंच डॉक्टरांच्या पद्धती अभ्यासल्या होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. त्यांच्या साहित्याचे वैशिष्ट्य असे की चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. दट्ट्यांच्या पेटीत एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या आणि एक भोक एकमेकांना जुळत नाही. मूल स्वतःच मागे जाऊन शोधते. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत एकेका सेंटिमीटरने वाढत जातात, त्यामुळे डोळ्याला आणि हाताला फरक एकदम कळतो. पाणी ओतणे, गुंड्या लावणे, टेबल पुसणे ही जीवनव्यवहाराची कामे, इंद्रियशिक्षण, मग खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत लिहिण्याची तयारी असा हा क्रम आहे. कोणते काम उचलायचे आणि किती वेळ करायचे हे मूल ठरवते. ते साहित्य कसे वापरायचे हे मात्र ठरलेले असते.

याच मुद्द्यावर त्यांच्यावर टीका झाली. अमेरिकेत जॉन ड्यूईंनी १८९६ मध्ये शिकागोत आपली प्रयोगशाळा-शाळा सुरू केली होती. तिथे मुले स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत, आणि त्या कामांतूनच त्यांचे मोजणे, लिहिणे, विज्ञान पुढे सरके. ड्यूईंचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये माँटेसरी पद्धतीची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले आणि हे साहित्य फार आखीव आहे, कल्पनेला व सहकार्याला त्यात पुरेशी जागा नाही, असा आक्षेप घेतला. हा वाद आजही संपलेला नाही. आखीव साहित्यात एकाग्रता येते, चूक लवकर सापडते. माती, पाणी, वाळू, ठोकळे अशा मोकळ्या साहित्यात कल्पना धावते, पण ताई जागरूक नसेल तर खेळ तिथल्या तिथे फिरत राहतो. चांगल्या बालवर्गाला दोन्ही लागतात. कशाचे प्रमाण किती, हे समोरची मुले पाहूनच ठरवावे लागते.

तिसरी धारा इटलीतल्याच रेज्जो एमिलिया या शहराची. दुसरे महायुद्ध संपल्यावर जवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून त्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते पाहायला सायकलवरून गेला आणि पुढे आयुष्यभर याच कामात राहिला. १९६३ मध्ये नगरपालिकेने पहिली बालशाळा काढली. तिथे मुलांच्या प्रश्नातून आठवडे नि महिने चालणारे प्रकल्प उभे राहतात, आणि शिक्षिका मुलांचे बोलणे, चित्रे, फसलेले प्रयत्न बारकाईने नोंदवून ठेवतात. पुढचे पाऊल त्या नोंदींवरून ठरते. रेज्जोची नक्कल करायला निघालेल्या महागड्या शाळा त्यांची काचेची दालने उचलतात. नोंदवही उचलायला पैसे लागत नाहीत, पण ती फार थोडे उचलतात.

या साऱ्या प्रयोगांना मानसशास्त्राचा आधार विसाव्या शतकात मिळाला. पियाजे आणि व्हायगॉट्स्की हे दोघे १८९६ याच वर्षी जन्मले, आणि दोघांनी मुलाकडे दोन बाजूंनी पाहिले. पियाजेंच्या मते मूल वस्तूंवर क्रिया करत स्वतःचे ज्ञान रचते. त्यांचा पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बुटक्या भांड्यातले पाणी मुलासमोर उंच, निमुळत्या भांड्यात ओतले, की पाच वर्षांचे मूल सहसा "आता जास्त झालं" म्हणते. व्हायगॉट्स्की अवघ्या ३७ व्या वर्षी, १९३४ मध्ये गेले. त्यांनी सांगितले की मूल एकट्याने जे करू शकते त्याच्या पलीकडे एक पट्टा असतो. जाणत्या माणसाच्या किंवा सोबत्याच्या मदतीने ते तिथे पोहोचते, आणि शिकवणे त्या पट्ट्यात घडले पाहिजे. पुढे जेरोम ब्रूनर यांनी ज्ञान आधी कृतीत, मग चित्रात, मग चिन्हांत कसे साठते हे मांडले. १९७८ मध्ये मार्गारेट डोनाल्डसन यांनी पियाजेंच्या निष्कर्षांवरच प्रश्न उभा केला. मोठ्या माणसाने उगाच काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मूल गोंधळते; प्रसंग मुलाच्या समजुतीत बसणारा असेल तर ते लहान वयातही नीट विचार करते, असे त्यांनी दाखवले. यातून बालवर्गातल्या ताईने घ्यायचा धडा अगदी व्यवहारातला आहे: साहित्य मांडणे हे अर्धे काम, आणि काय विचारायचे, केव्हा विचारायचे, केव्हा गप्प बसायचे हे उरलेले अर्धे.

आपल्याकडे हा विचार भावनगरमार्गे आला. वकिली करणारे गिजुभाई बधेका आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले, आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गोष्टी, गाणी, नाट्य, मातीकाम यांना त्यांनी माँटेसरी साहित्याच्या बरोबरीचे स्थान दिले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली, आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची नई तालीम मांडली, आणि तिच्याच अंगाने सेवाग्रामात शांता नारूळकर यांनी सात वर्षांखालील मुलांसाठी पूर्व-बुनियादी शाळेचे काम केले. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरी अड्यारला आल्या आणि युद्धामुळे मुक्काम लांबून त्यांच्या भारतातल्या प्रशिक्षणवर्गांतून शेकडो शिक्षक तयार झाले.

महाराष्ट्राने या विषयात घातलेली सर्वांत मोठी भर मात्र बोर्डीची. शहरातली बालमंदिरे पाहून ताराबाईंना कळले होते की परदेशी धाटणीचे लाकडी साहित्य खेड्याला परवडणार नाही. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले केंद्रात येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली; हीच अंगणवाडी. साहित्य म्हणून समुद्रकाठचे शिंपले, बिया, पाने, काड्या, माती, करवंट्या आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणशाळा निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधणारी विकासवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशभर अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात आहे. त्यांतल्या किती सेविकांना हे नाव बोर्डीहून आल्याचे माहीत असेल, हा प्रश्नच आहे.

ताराबाईंनी माँटेसरींचे साहित्य बदलले पण त्यामागचे तत्त्व सोडले नाही. शिंपले लहानमोठे लावताना मुलाला तोच निर्णय घ्यावा लागतो जो गुलाबी मनोरा रचताना घ्यावा लागतो. पुढच्या पिढ्यांनी ही वाट रुंद केली. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये ग्राममंगल उभारली. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वाचनलेखनावर मूलभूत काम केले. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून भूमिती हातात दिली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग कसा दिसतो हे दाखवले, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

पाहून आलेल्यांनी काय उचलले, हा वेगळा भाग. पुष्कळ गावांत वर्गाची फरशी रंगली, भिंतींवर अंकांच्या साखळ्या आल्या, आणि पाहुण्यांना दाखवायचे साहित्य कपाटात कुलूपबंद झाले, कारण हरवले तर भरपाई द्यावी लागेल अशी धास्ती असते. रंगवलेल्या फरशीवर सगळ्या मुलांनी एकाच सुरात उड्या मारत अंक म्हणणे आणि पाढे पाठ म्हणणे यांत फार अंतर नाही. फ्रोबेलच्या देणग्यांचे जे झाले तेच इथेही झाले. यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही. अंगणवाडी सेविकेकडे तीन ते सहा वयोगटाची मुले एकाच खोलीत असतात. पोषण आहार, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरण आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरायची माहिती या साऱ्यानंतर जो वेळ उरतो, त्यात तिने शिकवायचे असते, आणि तेही मानधनावर. तिला कृतींची आणखी एक लांबलचक यादी दिली, तर ती तिच्या डोक्यावरचे ओझेच ठरेल.

मग आत्ताच या पुस्तकाची गरज का? पहिले कारण धोरणाचे. सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मिळाला, पण सहाच्या आतले मूल त्या हक्काबाहेर राहिले; राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये त्याच्यासाठी फक्त प्रयत्न करण्याचे आश्वासन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत स्तर मानला आणि बालवाडीची तीन वर्षे पहिली-दुसरीला जोडली. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, हे विधान त्याच धोरणातले. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आले, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये खेळण्यांची नि कोड्यांची 'जादुई पिटारा' ही पेटी आली. कागदावर खेळ आणि कृती यांना इतके मानाचे स्थान यापूर्वी क्वचितच मिळाले असेल. पण पेटी शाळेत पोहोचणे आणि ती मुलांसमोर उघडली जाणे, यांत अंतर असते.

दुसरे कारण पहिली-दुसरीच्या गणिताचे आहे, आणि ते खास आपले आहे. ६३ लिहिताना आधी सहा येतो, म्हणताना आधी 'त्रे' येते. ५९ लिहिताना पाच दिसतात, ऐकू मात्र साठ येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'साठ तीन' अशाही वाचायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला आणि त्यात मुलांची मूळ अडचण मागेच पडली. काड्यांचे दहादहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ज्याने स्वतः बांधल्या, त्याला पुढे कोणतेही नाव सांगितले तरी चालते. संख्या त्याच्या हातात आलेली असते. तिसरे कारण भाषेचे. कोरकू, गोंडी, पावरी, वारली बोलणाऱ्या घरांतले मूल बालवाडीत येते तेव्हा ताईचे निम्मे शब्द त्याला परके असतात. शब्दाने उत्तर देता न येणारे मूल मणी ओवून, रांग लावून, मातीचा बैल करून आपल्याला काय कळले ते दाखवू शकते. ताईला त्याची हुशारी दिसते आणि मग शब्द त्या कामाच्या आधाराने येतात. चौथे कारण घरांतले. अंगण गेले, सूप-जाते गेले, भाजी निवडायला आजीशेजारी बसणे कमी झाले आणि हातात मोबाइल आला. बोटांना जी कामे घरात आपोआप मिळत होती, ती आता वर्गात ठरवून द्यावी लागतात.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहते? बाजारात कृतिपुस्तिकांची वाण नाही. त्यांत साहित्य, कृती, उद्दिष्ट असा साचा असतो, आणि उद्दिष्टाच्या रकान्यात सूक्ष्म कारक कौशल्य वगैरे शब्द. लेखिकांनी तो साचा मोडला आहे. प्रत्येक कृतीत मुलाने काय ठरवायचे आहे हे त्यांनी आधी सांगितले आहे, मग ताईने कोणता प्रश्न विचारावा, कोणत्या क्षणी हात मागे घ्यावा, आणि मुलांचे कोणकोणते प्रतिसाद येऊ शकतात हे दिले आहे. चुकीच्या उत्तरांनाही जागा आहे, कारण चुकीतूनच मुलाचा विचार कळतो. एकच कृती तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाला कशी वेगवेगळी द्यावी हे सांगितल्यामुळे मिश्र वयाच्या अंगणवाडीतही ती वापरता येते. साहित्य गावात मिळणारे आहे: बिया, काड्या, झाकणे, चिंध्या, माती, जुन्या लग्नपत्रिका, डाळ-तांदूळ, वजनकाटा. ओतणे-गाळणे, निवडणे, बांधणे, मोजणे, मातीकाम, रोपे लावणे, स्वयंपाक आणि गोष्टीतून निघणारी कामे असा त्याचा पसारा आहे. लेखनाआधीची तयारी म्हणून या कामांकडे त्यांनी पाहिलेले नाही. ही कामे म्हणजेच या वयाचा अभ्यास, ही त्यांची भूमिका मला पटते.

सुरक्षिततेबाबत त्यांनी ठेवलेला काटेकोरपणा मला विशेष आवडला. रानातली प्रत्येक बी साहित्य म्हणून चालत नाही. लालभडक गुंज मुलांना भुरळ घालते, पण ती विषारी आहे. एरंडाची बीही तशीच. तीन वर्षांच्या मुलांपुढे वाटाण्याएवढ्या वस्तू ठेवल्या तर त्या नाकाकानात जातात. अशा सूचना कृतीच्या शेवटी तळटिपेत न टाकता कृतीच्या आतच गुंफल्या आहेत, म्हणजे वाचणारीच्या नजरेतून सुटणार नाहीत.

काही गोष्टी हे पुस्तक करत नाही, त्याही सांगायला हव्यात. वर्षभराचे वेळापत्रक यात नाही. कोणत्या पंथाचा पुरस्कारही नाही. माँटेसरींचा काटेकोरपणा, ड्यूईंचे काम, रेज्जोची नोंदवही आणि ताराबाईंची काटकसर या सगळ्यांकडून त्यांनी उचलले आहे आणि ते लपवलेले नाही. अक्षरओळखीची घाई करणाऱ्या पालकाला इथे दिलासा मिळणार नाही. मात्र त्याच्याशी कसे बोलावे, मुलाने केलेले काम त्याला कसे दाखवावे, यासाठी ताईंना पुरेसा आधार मिळेल. एक मर्यादाही नोंदवतो. तीस मुलांच्या वर्गात एकच ताई असेल, तर यातल्या निम्म्या कृतींना मदतनीस किंवा गावातली एखादी आजी हाताशी लागेल. ही अडचण पुस्तकाने सुटणारी नाही. ती शासनाने माणसे नेमून सोडवायची आहे, आणि तोवर पुस्तकांकडे बोट दाखवून कोणी मोकळे होऊ नये.

वाचणाऱ्या ताईंना आणि गुरुजींना एवढेच सांगतो की हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचू नका. एक कृती निवडा, साहित्य जमवा, ती मुलांपुढे ठेवा आणि पाच मिनिटे काही बोलू नका. मुलांनी काय ठरवले ते वहीत दोन ओळींत टिपा. दुसऱ्या दिवशी तीच कृती थोडी बदलून पुन्हा द्या. पुस्तकातल्या सूचनेपेक्षा मुलांनी वेगळे काही केले, तर सूचना बाजूला ठेवा आणि मुलांच्या मागे जा. पालकांनी विचारले, की ती वही त्यांच्यापुढे उघडा. आणि पर्यवेक्षिकांनी भेटीला आल्यावर भिंती पाहण्याआधी साहित्याच्या कपाटाला कुलूप आहे का ते पाहावे. कुलूप असेल तर आधी ते काढायला सांगावे आणि साहित्य हरवण्याची, तुटण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी.